नंबर सांगा

कुरवंडे गावातल्या घरात परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाने निलेशचा पासपोर्ट खिशात घातला, तशी निलेशची बायको उज्ज्वला पुढे आली. तिच्या भावाला अशाच एका एजंटाने परदेशी पाठवलं होतं. तिथल्या मालकाने त्याला कोंडून मारहाण केली, एक डोळा गमावून भाऊ कान्हे गावी परतला. “तुमचा सरकारी नोंदणीचा नंबर सांगा, मोबाईलवर तपासते.” थोरल्या दिराने तिच्या मुस्काटात मारली. “पाव्हण्याला जाब इच्यारतीस व्हय?” ती उंबऱ्यावर आपटली, ओठ फुटला. रक्त पदराने पुसत उठली. “नंबर सांगा.” दिराचा हात पुन्हा उठला, तो निलेशने पिरगाळला. दोघे भाऊ अंगणात गुद्दागुद्दीवर आले. एजंट गाडीकडे सटकला. उज्ज्वलाने त्याची कॉलर धरली. त्याने पोटात लाथ घातली, तरी पासपोर्ट हाती येईपर्यंत तिने सोडली नाही. धुरळ्यात पडलेल्या दिराला ती म्हणाली, “भावजी, नंबर असता तर त्यानं सांगितला नसता?”