दादाची डबी

"आतडं अगदी स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दादा बाकावर बसल्या जागी हमसून रडला. पंचावन्न वर्षांचा सुतार माणूस, बाप गेला तेव्हाही रडला नव्हता.

"बाळे, आठ महिने उगाच मरण उशाशी घेऊन झोपलो गं."

शेजारी त्याची बहीण उभी होती. त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, आरोग्यसेविकेच्या गणवेशात. तिला त्याच्याकडे बघवेना.

आतड्याच्या कॅन्सरची तपासणी पन्नाशीपुढच्या सगळ्यांसाठी सुरू झाली होती. शौचाचा नमुना डबीत द्यायचा म्हटल्यावर लोक नाकं मुरडायचे. दादानेही तीन आठवडे टोलवाटोलवी केली आणि मग एकदाची डबी दिली. अहवाल आला, 'रक्त आढळले'. दादाने हाय खाल्ली. नळी घालून तपासायला तयार होईना. आपण काही राहत नाही म्हणून त्याने धाकट्या लेकीला शिकता शिकता उठवलं आणि आलेल्या पहिल्या स्थळाशी तिचं लग्न उरकून टाकलं.

इतरांच्या दारी चार-चार चकरा मारणाऱ्या बहिणीने दादामागे मात्र कधी लकडा लावला नाही. त्याचं दुखणं खोटं आहे, हे तिला ठाऊक होतं.

दादा कपडे बदलायला गेला, तशी ती डॉक्टरीणबाईंच्या मागोमाग खोलीत शिरली.

"मॅडम, तो नमुना दादाचा नव्हताच."

मग तिने सगळं भडाभडा सांगितलं. डबी दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोचवायची असते. दादाची डबी तिच्या पिशवीत पाच दिवस तशीच राहिली. पुन्हा मागायला गेलं तर तो दारातूनच हाकलणार, म्हणून तिने नवी डबी भरून त्याच्या नावाने पाठवली.

"अहवाल आला तेव्हाच बोलायला हवं होतं. नोकरी जाईल म्हणून मूग गिळून बसले. भाचीचं वाटोळं केलं मी. द्या काय शिक्षा द्यायची ती."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी हळूच खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"शिक्षेचं राहू द्या, ताई. रक्त आलेला तो नमुना मग कोणाचा होता?"

"माझाच की," ती ओशाळून म्हणाली, आणि मटकन खुर्चीत बसली.