कानशीनं कोरलेलं इंजिन

“बाबा, आज माझी रिमोटची बोट पुढे गेली, तर रडणार का?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून हिल्केनं बोट-क्लबच्या चॅम्पियनला, म्हणजे स्वतःच्या बापाला, सगळ्यांदेखत विचारलं. तलावाकाठी हशा पिकला. “इंजिन कानशीनं कोरलंयस बाई!” बाबा म्हणाले. “जाम झालं तर यापुढे तुझी शर्यत बंद, फक्त माझी बोट पाण्यात सोडायची.” “कबूल!” धूर सुटायचं भोक तिनं केसभर उंचावलं होतं. असं इंजिन पळतं, पण तापतंही; म्हणून इंधनाचा स्क्रू तिनं सैलच ठेवला, जास्त इंधनानं ते थंड राहावं म्हणून. बाबांनी वेगापायी आपला स्क्रू आवळला. तिच्या बोटीमागे धूरच धूर. “धुरावर बाम मासे भाजतेस का गं?” बाबा ओरडले. शेवटच्या फेरीत त्यांचंच इंजिन तहानेनं किंचाळलं आणि जाम झालं. हिल्केची बोट धुरासकट पुढे गेली. काठावर उभ्या आईनं शिट्टीच मारली. “आई, बाबा, ठरलं!” हिल्के म्हणाली, “पुढच्या मोसमात बाबांचंही इंजिन मीच कोरणार!”