उतारावरची थंडी

भिंत पाहिली आणि वहिनी हातातलं काम टाकून खाली धावल्या. उताराच्या पायथ्याशी, जिथे त्यांच्या वेली संपतात आणि धाकट्या दिराच्या सुरू होतात, तिथे कमरेएवढी दगडी भिंत उभी राहिली होती. दगड वहिनींच्याच उतारावरचे. दिराने एकट्याने खपून ते वेचले होते आणि मजुरीचं नावही काढलं नव्हतं.

नवरा मात्र खूश होता. "शेत आयतं साफ झालं, वर कुंपण मिळालं. आणि तू तोंड पाडून बसलीस? धर्माची गाय अन् दात का गं नाय!"

"तुमचा भाऊ उष्ट्या हाताने कावळा हाकत नाही," वहिनी म्हणाल्या, "आणि तो आपल्यासाठी दगड वाहील?"

वहिनींना काळंबेरं दुधातसुद्धा दिसायचं, हे खरं. पण या वेळी कारण होतं. वाइनवाला फक्त त्यांच्या उतारावरची द्राक्षं उचलायचा. खालच्या काळ्या, कसदार जमिनीत वेली नुसत्या माजतात आणि द्राक्षं पाणचट होतात. वर मुरमाडात वेलीला अर्धपोटी राहावं लागतं, तेव्हा कुठे फळात चव उतरते. दिराचा माल रसाच्या कारखान्यात जायचा, तोही थंडीतून वाचला तर. हे त्याला सलत नसेल कशावरून? आणि दिवसभर तापून रात्री वेलींना ऊब देणारे दगड त्याने नेमके कोंब फुटायच्या दिवसांतच का उचलावेत?

संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं, वारा पडला. अशीच हवा कोंबांना मारते. वहिनींना राहवेना. त्यांनी छाटणीच्या ओलसर काड्यांचा ढीग उतारावर पेटवला आणि नवऱ्याला हाताला धरून शेजारी उभं केलं.

धूर थोडा वर चढला, गार झाला आणि जमिनीलगत खाली निघाला. भिंतीपाशी अडला. मग साचत साचत मागे येऊन त्यांच्याच खालच्या ओळींत शिरला.

"बघा. थंडीपण अशीच उतरते. पाण्यासारखी." वहिनींनी भिंतीकडे बोट दाखवलं. "तुमच्या भावाने तिला धरण बांधलंय. पहाटेपर्यंत आपले कोंब काळे पडतील आणि वर्षाचं पीक गेलं म्हणून समजा."

नवऱ्याला आता एकही म्हण आठवेना. दोघांनी मिळून भिंतीचे दगड उपसायला सुरुवात केली.

आवाज ऐकून दीर धावत आला. "वहिनी, हे काय चाललंय?"

"ते तुम्ही सांगा, भाऊजी. तोंडावर बोलायची छाती नव्हती, म्हणून हा उपकार केलात का?"

दीर भांडला नाही. तो आपल्या पहिल्या वेलीपाशी उकिडवा बसला आणि एक कोंब दोन बोटांवर अलगद उचलून धरला. नखाएवढा, हिरवागार.

"दर वर्षी अशा एका रात्रीत हा काळा होतो," तो म्हणाला. "आणि तुमच्याकडे पानालाही धक्का लागत नाही. मी आपला जमिनीला दोष देत बसायचो. थंडी वरून येते, हे मला आत्ता या हिवाळ्यात उमगलं. सांगितलं असतं, तर तुम्ही ती अडवू दिली असतीत?"

"म्हणून आमच्या वेली माराल?"

"माझ्या मरत होत्याच की."

उपसलेल्या जागेतून धूर वाट काढत पलीकडे निघाला होता. दिराने तो पाहिला, पण जागचा हलला नाही.

"एक विचारू, वहिनी? मला हे कळायला इतकी वर्षं गेली. तुम्हाला भिंत बघताक्षणी कसं कळलं?"

वहिनींच्या हातात दगड तसाच राहिला. त्या नवऱ्याकडे वळल्या. तोही उत्तराची वाट बघत होता.