पाचपैकी एक

‘तुमच्या आवडीच्या व्यायामाला घरून किती पाठिंबा मिळतो? पाचपैकी गुण द्या.’ शाळेतल्या पाहणीत थोरलीने बाबांच्या नावापुढे सरळ एक ठोकून दिला. स्केटिंगचा विषय काढला की ते वर्तमानपत्राआडून नुसतं ‘हं’ म्हणायचे.

त्या दिवशी शाळा लवकर सुटली. घरी आली तर गच्चीवर हसण्याखिदळण्याचा आवाज. ती वर गेली. पायांत स्केट्स बांधलेले बाबा आईच्या खांद्याला लोंबकळत लटपटत होते.

“सोडते हं आता,” आई म्हणाली.

“थांब गं. रविवारी पोरीबरोबर मैदानात उतरायचंय. तिच्यादेखत आपटलो तर लाज जाईल.”

थोरलीने दप्तर तिथंच टाकलं. “बाबा, आधी गुडघे वाकवा,” म्हणत तिने त्यांचा हात धरला आणि तिघंही हसत हसत एकमेकांवर कोसळली.