सत्काराचा नारळ

डोक्यावरची पाटी रंभाने खाली ठेवली न ठेवली, तोच सेक्रेटरी नीता मॅडमनी तिचा दंड धरला आणि तिला सरळ सोसायटीच्या हॉलमध्ये ओढलं.

"चला रंभाताई! आज एक मे, कामगार दिन. आज तुमचा सत्कार!"

रंभा हबकलीच. नवीन पनवेलच्या या सोसायटीत आजवर तिला 'ए मावशी' नाहीतर 'ए मच्छीवाली', एवढंच ऐकायची सवय. ताई? आणि तुमचा?

"बाय, पन माझी पाटी?"

"राहू दे तिथेच. हॉलमध्ये मच्छी आणायची नाही, नियम आहे."

"आनि मांजरा आली तं?"

"वॉचमन आहे की!"

वॉचमन जगन आतच होता. पहिल्या रांगेत, खुर्चीवर, हातात गुलाब आणि चेहरा फाशीला निघाल्यासारखा. त्याच्या शेजारी जिने झाडणारी भामा. तिचा झाडू दारातच काढून घेतला होता, त्यामुळे हातांचं आता करायचं काय, हे बिचारीला कळत नव्हतं. रंभाला खिडकीपाशी बसवलं. "तुम्हाला जरा वारा लागेल," असं म्हणून नीता मॅडम नाकाला रुमाल लावून चार खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या.

खिडकीतून पाटी दिसत होती. वर ओलं फडकं, आणि सावली चेअरमन साहेबांच्या नव्याकोऱ्या गाडीची. सुट्टीमुळे घराघरात खाणारी तोंडं हजर. जेवणवेळेच्या आत पाटी साफ झाली असती. नाही झाली, तर मे महिन्याच्या उन्हात संध्याकाळी पाटीतल्या मावऱ्याला कुत्रंही हुंगणार नव्हतं, आणि उरणला घरी चूल पेटायची ती त्याच पाटीवर.

तिघांना शाल पांघरली, मांडीवर एकेक नारळ ठेवला. त्या उकाड्यात शाल म्हणजे शिक्षाच. मग चेअरमन गुरुदत्त साहेबांनी माइक फुंकला आणि 'श्रम' हा शब्द जो धरला तो काही सोडेचनात. श्रमाची पूजा झाली, श्रमाचा सुगंध झाला. सुगंधाला नीता मॅडमनी रुमाल घट्ट दाबला.

इतक्यात जिन्यावरून नीता मॅडमचा बोका उतरला. दूधचपातीवर पोसलेला, बोका कमी आणि उशी जास्त. पाटीभोवती एक प्रदक्षिणा घालून तो खाली बसला.

रंभा उठली.

"बसा, बसा!" मागून चार बायका ओरडल्या. "आज तुम्ही काडी पण हलवायची नाही!"

"मावशी, बसा गपचूप," जगन पुटपुटला. "मी मघाशी उठलो, तर साहेबांनी स्वतः खांदा दाबून बसवलं."

बोक्याने फडकं ओढलं. फडक्याखाली काय आहे ते बघून तो इतक्या मोठ्याने ओरडला की बी विंगची चार मांजरं पंगतीला आली. पाटी एका बाजूला कलली, आणि नेमकं तेव्हाच साहेब म्हणाले, "आता रंभाताई आपलं मनोगत सांगतील."

दोघींनी धरून तिला माइकपुढे उभं केलं. खिडकीबाहेर पाटी पालथी झाली. हाताएवढा पापलेट तोंडात धरून बोका निघाला.

"माझी पाटी!" रंभा किंचाळली. "माझी पाटी गेली रं!"

हॉल टाळ्यांनी दणाणला.

"बघा!" साहेबांनी माइक ओढून घेतला. "सत्काराच्या घडीलासुद्धा ओठांवर कामच! याला म्हणतात निष्ठा!"

रंभाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळी माणसं टाळ्या वाजवतायत. एकीने तर डोळे पुसले. यांना झालंय तरी काय? मग पिढ्यानपिढ्या वल्ही मारणाऱ्या घरातला तो हात उठला, आणि सत्काराचा नारळ खिडकीतून बाहेर गेला.

बोका वाचला.

खळ्ळकन आवाज झाला आणि गाडी भोंगा काढून रडायला लागली.

टाळ्या थांबल्या. एवढा वेळ खिडकीकडे न बघणारा सगळा हॉल एका दमात दाराकडे सुटला. मांजरांच्या तावडीतून वाचलेली थोडी कोलंबी पाटीबाहेर सांडली होती. ती या धावत्या चपलांखाली गेली.

गाडीच्या पुढच्या काचेला भगदाड पडलं होतं आणि नारळ स्टिअरिंगखाली आरामात पडला होता. "ए, अक्कल आहे का तुला?" नीता मॅडम रंभावर ओरडल्या. 'ताई' हॉलमध्येच राहून गेली होती. "भामा, उभी काय राहिलीस? झाडू आण! जगन, गेट लाव, हिला बाहेर सोडू नकोस!"

भामा झाडू आणायला पळाली. जगनने गेट लावलं. दोघांचेही चेहरे एकदम सुटका झाल्यासारखे झाले.

रंभा चिरडलेल्या कोलंबीजवळ उकिडवी बसली. पाटीत काय उरलंय म्हणून हात घालून पाहिलं. तळाशी नुसतं बर्फाचं पाणी होतं.

"अगं, कष्टाची गाडी आहे ही माझी!" गुरुदत्त साहेबांचा आवाज माइकशिवायही गेटपर्यंत गेला. "कोण भरून देणार हे? बोल ना!"

रंभाने मान वर केली. गाडीच्या टपावर बसून बोका मिशा पुसत होता.

"नारळ तुमचा, सायेब," ती सगळ्यांवरून नजर फिरवत म्हणाली. "बोका तुमचा. गाडी तुमची. माझी नुसती पाटी व्हती."