बातमी वाटेत आहे

"सर, दोन वर्षं झाली, तुम्ही सगळे सांगताय, तारा आज फुटेल, उद्या फुटेल. थापा कोण मारतंय, तुम्ही की तारा?"

हे विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. साईप्रिया अकरावीतली. गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा तिचा आवाज फुटत नसे. आता ती शाळेच्या भर हॉलमध्ये उभी होती आणि मागून मैत्रिणींची "बस डी, बस" अशी कुजबुज ऐकू येत होती. ती बसली नाही.

पाहुणे म्हणून आलेले खगोलतज्ज्ञ मुरलीकृष्ण सर हसले. "दोघंही नाही. अंदाज आमचा चुकतो, एवढंच. उत्तर मुकुट तारकासमूहातली ती दोन ताऱ्यांची जोडी आहे. धाकटा तारा थोरल्याचा वायू ओढत राहतो. वर्षानुवर्षं एकदम शांत, गुणी. मग अंगावर साठलेलं एका क्षणात पेटतं. पण तेवढ्यानं तो संपत नाही. पुन्हा ओढायला लागतो, आणि ऐंशीएक वर्षांनी पुन्हा तेच."

"मग आम्ही वाट बघायची?"

"बघा. पण एक लक्षात ठेव. तिथून प्रकाश यायला तीन हजारेक वर्षं लागतात. ज्याची वाट बघतोय तो स्फोट कधीचाच होऊन गेलाय. त्याच्यानंतरचे पस्तीसेकही झाले असतील. सगळ्यांची बातमी वाटेत आहे, एकामागून एक. आपण बसलोय जुनं चित्र बघत."

पैज जिंकली. त्या शुक्रवारी घरी आल्याबरोबर तिनं हे सगळं अक्काला सांगितलं, दोघींच्या खोलीत, पलंगावर मांडी घालून.

अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, विनुता. बुधवारी ती पापनाशमहून, सासरहून, एकटीच बसनं आली होती. दंडावर चार बोटं निळी उमटलेली. आईनं पहिलं काय केलं असेल, तर कपाटातून लांब बाह्यांचा ब्लाउज काढून दिला. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि असं येणं हे चौथं. तीन वेळा प्रणवेश भावोजी येऊन तिला घेऊन गेले होते.

"म्हणजे पुढचेही ठरलेले?" अक्कानं विचारलं.

"ठरलेले नाही, झालेले. पोचायचे बाकी आहेत."

अक्कानं लांब बाही दंडापर्यंत वर सारली आणि पुन्हा खाली ओढली.

शनिवारी सकाळी सातच्या बसनं आई-अप्पा पापनाशमला गेले, फळांची परडी घेऊन. दुपारी परतले ते हसतमुख.

"उद्या येतो म्हणाले जावई," आई चप्पल काढता काढता म्हणाली. "मोठं मन आहे बघ. अप्पांनीही सांगितलं, आमच्या पोरीची जीभ जरा जास्त चालते, सांभाळून घ्या."

"तुम्ही त्यांची माफी मागितलीत?"

"मुलीकडचे आपण, साई. वाकावं लागतं." अप्पा पंख्याखाली बसले. "उद्या अकराला पाठवायचं तिला. बोलून झालंय."

साईप्रियाला शिसारी आली.

आईनं ताट वाढलं. सांबार-भात, वर तूप, विनुताला आवडतं तसं बटाट्याचं सुकं, परतलेलं पोरियल. दारापर्यंत आली आणि ताट धाकटीच्या हातात दिलं.

"तूच दे. मला बघितलं की ती रडेल."

कोण कुणाला बघू शकत नव्हतं, ते साईप्रियाला ठाऊक होतं. तिनं ताट आत नेलं, दार लोटलं. पंधरा मिनिटांनी रिकामं ताट बाहेर आणलं.

"काही म्हणाली?"

"नाही."

"रडत होती?"

"रडण्याचा आवाज नव्हता."

"मग ये, तू बस जेवायला."

"मला नको. मला किळस आलीये."

"कसली एवढी?"

"सगळ्याची."

रात्री दोसे झाले, तेव्हाही तेच. सकाळी इडल्या झाल्या, तेव्हाही तेच. थोरलीचं ताट लख्ख, धाकटी उपाशी. "एकीची भूक परत आली तर दुसरीची गेली," आई पुटपुटली, पण दार काही तिनं उघडलं नाही.

रविवारी दहाला प्रणवेश भावोजी आले. तोच मैसूरपाकाचा डबा. तोच केळीच्या पानात बांधलेला मोगऱ्याचा गजरा. मानेवर तीच पांढरी पावडर. गेल्या वेळी टीपॉयवर डबा जिथं ठेवला होता तिथंच त्यांनी तो ठेवला.

"रागात हात उठतो, मावशी. मनात काही नसतं."

"आम्हाला ठाऊक नाही का ते," आई म्हणाली आणि त्यांच्या बशीत आणखी रव्याची केसरी वाढली.

त्यांनी ती बोटांनी खाल्ली. मग एकेक बोट तोंडात घालून तूप चाटलं, सावकाश, अंगठ्यापर्यंत. साईप्रिया त्या बोटांकडे बघत राहिली. चार बोटं.

"तारे बिरे बघतेस म्हणे हल्ली?" भावोजींनी विचारलं. "शाळेत सरांनाच उलटं बोललीस, असं ऐकलं. अक्कावर जाऊ नकोस."

अप्पा हसले. आईही हसली.

अप्पांनी घड्याळ बघितलं. "साई, विनुताला बाहेर बोलाव. अकराचा मुहूर्त टळायच्या आत निघू दे. समजूत काढलीस ना तिची?"

"तिची समजूत काढायची गरज नाही, अप्पा."

"शहाणी पोर," भावोजी म्हणाले आणि रुमालानं हात पुसला.

साईप्रियानं समोरची खुर्ची ओढली. जावयासमोर ती आजवर कधी बसली नव्हती. बसली.

"आई, अप्पा, मी एक ठरवलंय. कुणी मारलं, कोंडलं, पाया पडलं, तरी पत्ता सांगायचा नाही."

"कुणाचा पत्ता?"

"अक्काचा. काल सकाळी पापनाशमला तुम्ही यांची माफी मागत होतात, तेव्हाच मी तिला गाडीत बसवून आले."