शमुवेलच्या पाळीचं वचन

संध्याकाळच्या प्रार्थनेला चटईवर शमुवेलची जागा मोकळीच ठेवली होती. तो कामावर असताना दरड कोसळून बोगद्यात अडकला, त्याला आठवडा झाला होता. आतून येणारा आवाज कालपासून बंद होता.

पवित्र शास्त्रातलं एकेक वचन प्रत्येकानं पाळीपाळीनं वाचायचं, असा घरचा नेम. सासूबाईंनी आपलं वाचलं, शमुवेलचं रोजच्यासारखं सोडून दिलं आणि पुढच्या वचनावर बोट ठेवून पुस्तक सुनेपुढं, सुवार्तापुढं सरकवलं.

"यांचं का गाळता, आई? देव विश्वासू आहे, असं चर्चमधल्या साऱ्या मंडळीला तुम्हीच सांगता ना?"

सासूबाई खाली मान घालून म्हणाल्या, "आपण वाचलं, तर त्याची पाळी संपली असं होईल गं. मला भीती वाटते."

आठवडाभर देवाशी भांडणाऱ्या सुवार्तानं त्यांचा हात धरला आणि बोट एक वचन मागं नेलं. खोल अंधारातही देव आपल्या माणसाला टाकत नाही, असं तिथं होतं. वाचताना ती अर्ध्यावरच थांबली. उरलेलं सासूबाईंनी डोळे मिटून पाठ म्हटलं.

मग दोघींनी ते पुन्हा म्हटलं, बोगद्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.